पूर्व जर्मनीच्या सैन्यातील अठरा महिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धाचा इतिहास मराठीत वाचायला मिळतो तो मुख्यतः नेते, करार, क्षेपणास्त्रे आणि बर्लिनची भिंत यांच्या अंगाने. त्या काळात बराकीत राहिलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा दिवस कसा जात होता, त्यांना घरी केव्हा जाता येत असे आणि ते कोणाला घाबरत असत, याबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या सैन्याविषयी वाचकांना नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. सैन्य म्हटले की आपण आधी शस्त्रांकडे पाहतो. येथे जाणीवपूर्वक शिपायाकडे आधी पाहिले आहे.

हे सैन्य केव्हा आणि कसे उभे राहिले?

त्याचे अधिकृत नाव ‘नात्सिओनाले फोल्क्सआर्मे’, म्हणजे राष्ट्रीय जनसेना, असे होते आणि ‘एनव्हीए’ या संक्षेपाने ते ओळखले जाते. स्थापनेचा कायदा जानेवारी १९५६ मध्ये संमत झाला आणि त्या वर्षीचा १ मार्च हा पुढे सेनादिन म्हणून साजरा होऊ लागला. अर्थात हे सैन्य एका रात्रीत उभे राहिले नव्हते. १९५२ पासून ‘बराकीतील जनपोलीस’ या नावाखाली हजारो तरुणांना लष्करी शिक्षण दिले जात होते, आणि १९५६ मध्ये या पोलीस दलालाच सैन्याचे नाव आणि गणवेश मिळाला. भूदल, हवाई दल आणि ‘फोल्क्समरीन’ नावाचे नौदल अशी त्याची रचना होती. संरक्षण मंत्रालय बर्लिनच्या पूर्वेला श्ट्राउसबर्ग येथे होते. भूदलाच्या सहा नियमित डिव्हिजनांपैकी चार मोटराइज्ड पायदळाच्या आणि दोन रणगाड्यांच्या होत्या. १९८० च्या दशकात या सैन्याचे एकूण बळ सुमारे पावणेदोन लाख होते. त्याच भूमीवर तळ ठोकून असलेल्या सोव्हिएत फौजांची संख्या मात्र तीन लाखांहून अधिक होती. आपल्याच देशात आपल्यापेक्षा मोठे परकीय सैन्य आहे, ही जाणीव इथल्या प्रत्येक शिपायाला होती.

साम्यवादी सैन्याचा गणवेश जुन्या जर्मन सैन्यासारखा का दिसत असे?

छायाचित्रे पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पोलीस दलाच्या काळात सोव्हिएत धाटणीचा गणवेश होता. १९५६ मध्ये मात्र मुद्दाम राखाडी रंगाचा, जर्मन परंपरेला जवळचा गणवेश निवडण्यात आला. हे सैन्य मॉस्कोचे नसून जर्मन आहे, हे लोकांच्या मनावर ठसवणे हा त्यामागचा हेतू होता. शिरस्त्राणाचा आराखडासुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतच तयार झालेल्या नमुन्यावरून घेतलेला होता. बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरील स्मारकापुढे पाय ताठ उचलून होणारे पहारेबदलाचे संचलन पाहायला परदेशी पर्यटक गर्दी करत.

सुरुवातीच्या काळात हिटलरच्या सैन्यातील काही अधिकारीही या सैन्यात होते. पहिले स्टाफप्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) व्हिन्सेन्झ म्यूलर हे त्या जुन्या सैन्यात जनरल होते आणि सोव्हिएत कैदेत असताना त्यांनी बाजू बदलली होती. अशा अनुभवी लोकांवाचून नवे सैन्य उभे करणे अवघड होते. पण सत्ताधारी साम्यवादी पक्षाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि १९५० चे दशक संपेपर्यंत त्यांतील बहुतेकांना दूर करण्यात आले.

सैन्यात जाणे सक्तीचे होते का?

पहिली सहा वर्षे नव्हते, निदान कागदावर तरी नव्हते. देशाची सीमा उघडी असताना सक्ती केली असती, तर तरुण पश्चिमेकडे निघून गेले असते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली, पळून जाण्याचा मार्ग बंद झाला आणि २४ जानेवारी १९६२ रोजी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला. अठरा ते सव्वीस वयाच्या पुरुषांना अठरा महिन्यांची मूळ सेवा करावी लागे. भरती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला होत असे.

तयारी मात्र शाळेपासूनच सुरू होई. ‘क्रीडा आणि तंत्रज्ञान संघटना’ मुलांना नेमबाजी, मोटार चालवणे, पॅराशूट, बिनतारी संदेश अशा गोष्टी शिकवत असे. १९७८ पासून नववी आणि दहावीच्या वर्गांत लष्करी शिक्षण हा विषयच सुरू झाला, आणि त्याला चर्चनी तसेच अनेक पालकांनी विरोध केला. विद्यापीठात हवा तो अभ्यासक्रम मिळवायचा असेल, तर अठरा महिन्यांऐवजी तीन वर्षे सेवा करण्याची तयारी दाखवावी, असा दबाव शाळेतील शिक्षकांमार्फत आणला जात असे. माझ्या मते या व्यवस्थेतील सक्ती येथे सर्वांत उघड दिसते, कारण कायद्याने न मागितलेली दीड वर्षे भविष्याची भीती दाखवून घेतली जात होती.

पहिल्या दिवशी काय घडत असे?

मुलगा घरून निघताना जे कपडे घालून येई, ते बराकीत गेल्यावर त्याला काढावे लागत. शर्ट, पँट, बूट असे सगळे एका खोक्यात भरून, वर स्वतःच्या हाताने घरचा पत्ता लिहून ते खोके टपालाने परत पाठवले जाई. बराकीत नागरी कपडे ठेवण्याची परवानगी नव्हती, आणि गावात फिरायला जायचे तरी गणवेशातच जावे लागे. काही दिवसांनी घरच्यांच्या हाती मुलाऐवजी त्याचे कपडे पडत. त्या काळातील आयांच्या आठवणींत हे खोके वारंवार येते, आणि ते का येते हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर केस कापणे, लस टोचणे, साहित्य वाटप आणि काही आठवड्यांच्या प्राथमिक कवायतीनंतर ध्वजाची शपथ होई. शपथ मोडल्यास कायद्याची कठोर शिक्षा आणि श्रमिक जनतेचा तिरस्कार वाट्याला यावा, असे त्या शपथेतच म्हटलेले होते. पुढे प्रत्येकाला पदाआधी ‘कॉम्रेड’ लावून हाक मारली जाई, मग तो शिपाई पक्षाचा सदस्य असो वा नसो.

रोजचा दिनक्रम कसा होता?

सकाळी सहाला शिट्टी आणि आरोळी, त्यानंतर लगेच मैदानात धावणे व व्यायाम, मग आंघोळ, बिछाने लावणे, न्याहारी आणि हजेरी, असा दिवस सुरू होई. एका खोलीत साधारण आठ ते बारा जण, दुमजली लोखंडी खाटा आणि प्रत्येकाला एक अरुंद कपाट असे. कपाटातील घड्यांची कडा सरळ नसेल, तर वरिष्ठ सगळे कपडे जमिनीवर ओढून टाकत आणि पुन्हा लावायला सांगत. झोपण्यापूर्वी गणवेशाची ठरलेल्या मापाची चौकोनी घडी करून ती स्टुलावर ठेवावी लागे. कोटाच्या कॉलरला आतून बटणांनी लावायची एक पांढरी पट्टी असे; ती रोज स्वच्छ दिसलीच पाहिजे असा दंडक होता, त्यामुळे रात्री ती धुऊन वाळत घालणे हे नव्या शिपायाचे कायमचे काम होई.

दिवसभर नेमबाजी, वाहनांची देखभाल, पहारा आणि सराव चालत. अण्वस्त्र किंवा रासायनिक हल्ला होणार असे गृहीत धरून गॅस मास्क आणि रबरी पोशाख घालण्याचा सराव इतक्या वेळा होई की, उन्हाळ्यात त्या रबराच्या आत घामाने भिजलेले अंग ही अनेकांची सेवेतील सर्वांत ठळक आठवण आहे. संध्याकाळी लांबलचक मार्गिका मेणाने घासून चकचकीत करायच्या असत आणि त्यासाठी लांब दांड्याचा जड ठोकळा मागे-पुढे ओढावा लागे. रात्री दहाला दिवे बंद होत; पण मध्यरात्री युद्धसज्जतेचा इशारा झाला, तर ठरलेल्या वेळेत संपूर्ण तुकडीला वाहनांसह तळाबाहेर पडावे लागे.

घरी जाण्यासाठी रजा इतकी कमी का मिळे?

कारण एका आकड्यात होते. कोणत्याही क्षणी ८५ टक्के सैनिक तळावर हजर असलेच पाहिजेत, असा नियम होता, आणि तो सणासुदीलाही लागू होता. त्यामुळे उरलेल्या १५ टक्क्यांत रजा, आजारपण, बाहेरची कामे हे सगळे बसवावे लागे. मूळ सेवेतील शिपायाला दीड वर्षात मिळून अठरा दिवसांची हक्काची रजा असे. अधूनमधून शनिवार-रविवारची सुटी मिळाली, तरी रेल्वेने घरी जाऊन येण्यातच तिचा मोठा भाग संपत असे. नेमणूक शक्यतो घरापासून दूर केली जाई. दक्षिणेकडील सॅक्सनी प्रांतातील मुलगा पोलंडच्या सीमेजवळील एगेझिनला गेला, की तो जंगल आणि वाळू यांच्यामध्ये अडकलाच म्हणायचा. या एगेझिनला शिपाई ‘तीन सागरांचा प्रदेश’ म्हणत : वाळूचा सागर, पाइन वृक्षांचा सागर आणि, जर्मन शब्दांच्या उच्चारसाम्याचा फायदा घेऊन, ‘याउपर काहीच नाही’. पश्चिमेच्या अचानक हल्ल्याची भीती ८५ टक्क्यांच्या नियमामागे होती. ती खरी होती की अतिरंजित, यावर मतभेद होऊ शकतात. पण त्या नियमाने किती प्रेमसंबंध आणि नवे संसार मोडले, हे शिपायांच्या पत्रांतून कळते.

जेवण आणि पगार कसा होता?

जेवण पोटभर असे, पण त्यात चव आणि विविधता कमी असे : पाव, सॉसेज, बटाटे, घट्ट सूप आणि धान्य भाजून केलेली नकली कॉफी. सरावाच्या काळात डबाबंद शिधा मिळे. चहात कामेच्छा कमी करणारे औषध मिसळतात, अशी अफवा प्रत्येक तुकडीत होती. मूळ सेवेतील शिपायाला १९८० च्या दशकात महिन्याला सुमारे १५० मार्क मिळत, आणि ते सिगारेट, केक आणि तिकिटांत संपत. दारूला बंदी होती. तरीही ती भिंतीवरून, टपालाच्या पार्सलातून आणि वाहनांच्या पेट्यांमधून आत येत असे.

‘ए-का’ म्हणजे काय आणि शिवणकामाच्या टेपचा सैन्याशी काय संबंध?

सुटकेला जवळ आलेल्या शिपायासाठी जर्मनमध्ये ‘सेवामुक्तीचा उमेदवार’ अशा अर्थाचा शब्द होता, त्याची आद्याक्षरे म्हणजे ‘ए-का’. भरती दर सहा महिन्यांनी होत असल्याने एकाच खोलीत तीन पिढ्या राहत : पहिल्या सहामाहीचे नवखे, दुसऱ्या सहामाहीचे ‘उपप्रमुख’ आणि तिसऱ्या सहामाहीचे ए-का. अधिकृत श्रेणीपेक्षा ही श्रेणी प्रबळ होती. नवख्यांनी ए-काचा बिछाना लावायचा, त्याचे बूट पुसायचे, त्याच्या वाट्याची साफसफाई करायची, असा अलिखित कायदा होता.

ए-काची खूण म्हणजे शिंप्याकडे असतो तो दीडशे सेंटिमीटरचा टेप. सेवेचे शेवटचे १५० दिवस उरले, की हा टेप कापायला सुरुवात होई आणि पहिल्या कापणीचा छोटा समारंभ होई. रोज संध्याकाळी एक सेंटिमीटर कापून टाकायचा. रविवार रंगवून वेगळे दाखवलेले असत. टेप गुंडाळून ठेवण्यासाठी लाकूड किंवा धातू घासून हाताने केलेली छोटी डबी खिशात असे आणि तिच्या फटीतून टेपचे टोक बाहेर डोकावत असे. वरिष्ठ ते जप्त करत, म्हणून दुसरा टेप लपवलेला असे. आज संग्रहालयांत या डब्या ठेवलेल्या आहेत. वेळ कमी होताना डोळ्यांना दिसावा आणि बोटांना जाणवावा, ही त्या मुलांची गरज किती तीव्र होती, हे अशी एखादी झिजलेली डबी पाहिल्यावर समजते.

याच प्रथेची दुसरी बाजू क्रूर होती. ‘कासव’ या प्रकारात नवख्याच्या गुडघ्यांना आणि कोपरांना शिरस्त्राणे बांधून त्याला मेण लावलेल्या मार्गिकेवरून ढकलत, आणि तो समोरच्या भिंतीवर आदळेपर्यंत घसरत जाई. ‘गाण्याची पेटी’ या प्रकारात त्याला कपाटात कोंडून फटीतून नाणे टाकत आणि गाणे म्हणायला लावत. गाणे आवडले नाही तर कपाट हलवत किंवा पाडत. काही जण यात जखमी झाले, काही मनाने कायमचे खचले. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांतील अनेकांनी डोळेझाक केली, कारण जुने शिपाई बराकीत परस्पर शिस्त राखत आणि त्यामुळे अधिकाऱ्यांचे काम हलके होई. समाजवादी बंधुभावाची शिकवण देणाऱ्या सैन्याच्या बराकीत रात्री हे चालत होते, याबद्दल त्या अधिकाऱ्यांना दोष दिलाच पाहिजे. ही प्रथा केवळ पूर्व जर्मनीतील नव्हती : सोव्हिएत सैन्यात जुन्या शिपायाला ‘आजोबा’ म्हणत आणि त्याच्या जुलमाला ‘देदोव्श्चिना’, म्हणजे जणू ‘आजोबागिरी’, पोलंडमध्ये त्याच प्रकाराला ‘लाट’ म्हणत.

राजकीय शिक्षण कितपत मनावर घेतले जाई?

राजकीय वर्ग नियमितपणे होत, त्यांत शत्रू कोण आणि सोव्हिएत संघाशी मैत्री का, हे सांगितले जाई. शिपायांच्या भाषेत त्याला ‘लाल दिव्याचा शेक’ म्हणत. पश्चिमेची आकाशवाणी ऐकण्यास मनाई होती. खोलीतील रेडिओच्या तबकडीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर देशी केंद्रांच्या जागा आखलेल्या असत. काटा त्याच जागी आहे का, हे तपासले जाई. रात्री मात्र काटा सरके. गुप्तहेर खात्याची, म्हणजे श्टाझीची, वेगळी शाखा सैन्यात काम करत असे आणि तिला ‘प्रशासन २०००’ असे निरुपद्रवी नाव होते. आपल्या खोलीतील कोण तिला अहवाल देतो हे माहीत नसल्याने, मनातले बोलण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी.

‘श्वेट’ हे नाव ऐकताच शिपाई का घाबरत?

ओडर नदीकाठच्या श्वेट या गावी १९६८ पासून लष्करी तुरुंग होता. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेसाठी तो होताच. शिवाय १९८२ पासून न्यायालयात न जाता केवळ कमांडरच्या आदेशाने तीन महिन्यांपर्यंत तेथील शिस्त-तुकडीत पाठवता येऊ लागले. तेथे घालवलेले दिवस सेवेत धरले जात नसत, ते नंतर भरून द्यावे लागत. परतलेले शिपाई तिथल्या गोष्टी बोलत नसत, आणि त्या शांततेनेच इतरांची भीती वाढे.

शस्त्र हाती घेण्यास नकार देता येत असे का?

येत असे, आणि पूर्व गटातील देशांमध्ये ही सोय सर्वप्रथम येथेच झाली. इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) चर्चचा आग्रह आणि नकार देणाऱ्या तरुणांची संख्या पाहून सप्टेंबर १९६४ मध्ये ‘बाउझोल्डाट’, म्हणजे बांधकाम-शिपाई, हा प्रकार निर्माण झाला. ते शस्त्र उचलत नसत, शपथेऐवजी प्रतिज्ञा घेत आणि त्यांच्या खांद्यावर फावड्याचे चिन्ह असे, म्हणून लोक त्यांना ‘फावडे-शिपाई’ म्हणत. गणवेश मात्र घालावाच लागे आणि लष्करी बांधकामही करावे लागे. १९८० च्या दशकात बाल्टिक समुद्रातील र्यूगन बेटावरील मुक्रान बंदराच्या उभारणीत त्यांना मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. राहायची जागा होती जवळच्या प्रोरा येथील नाझी काळात बांधलेल्या अवाढव्य इमारतींत.

या मार्गाची किंमत नंतर चुकवावी लागे, कारण फावडे-शिपायांना विद्यापीठाची दारे बहुधा बंद असत. जे हीसुद्धा सेवा नाकारत, उदाहरणार्थ यहोवाचे साक्षीदार या पंथाचे तरुण, त्यांना तुरुंगवास होई. राइनर एपेलमान नावाच्या तरुणाने फावडे-शिपाई असताना प्रतिज्ञा घेण्यास नकार दिला आणि आठ महिने कैद भोगली. पुढे ते पाद्री झाले आणि १९९० मध्ये पूर्व जर्मनीच्या पहिल्या मुक्तपणे निवडलेल्या सरकारात त्यांच्याकडेच निःशस्त्रीकरण व संरक्षण खाते आले. या सैन्याच्या इतिहासातील सर्वांत समाधान देणारी घटना मला हीच वाटते.

स्त्रियांना सैन्यात जावे लागे का?

मूळ सेवा फक्त पुरुषांना होती. स्त्रिया स्वेच्छेने वैद्यकीय, संदेशवहन आणि कचेरीच्या कामात असत. १९८२ च्या कायद्याने युद्धप्रसंगी स्त्रियांनाही बोलावण्याची तरतूद केली, तेव्हा बेर्बल बोलाय, उल्रिके पोप्पे आणि इतर स्त्रियांनी जाहीर विरोध केला आणि त्यातून ‘शांततेसाठी स्त्रिया’ हा गट उभा राहिला.

हे सैन्य कधी लढले का?

युद्धात नाही. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात वॉर्सा करारातील, म्हणजे सोव्हिएत संघाच्या लष्करी गटातील, फौजा घुसल्या, तेव्हा पूर्व जर्मनीच्या दोन डिव्हिजन सीमेवर सज्ज होत्या. पण ऐन वेळी त्यांना आत पाठवले गेले नाही, केवळ संपर्कासाठी मोजके लोक गेले. हिटलरच्या आक्रमणानंतर तीस वर्षांच्या आत जर्मन गणवेश पुन्हा प्रागमध्ये दिसणे कोणालाच परवडणारे नव्हते.

तरीही या व्यवस्थेत माणसे मारली गेली. सीमादल १९६१ पासून याच सैन्याचा भाग होते, १९७४ मध्ये ते औपचारिकरीत्या वेगळे झाले, पण तेथेही सक्तीने भरती झालेली मुले पहारा देत. पहारेकऱ्यांच्या जोड्या ड्यूटीच्या थोड्याच आधी ठरत, म्हणजे दोघांनी मिळून पळण्याचा बेत करू नये. दोघांनी सीमेवर आणि एकमेकांवरही नजर ठेवायची. एकट्या बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० जणांचा बळी गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोळी घालून ठार केलेला क्रिस ग्युफ्रॉय वीस वर्षांचा होता. एकीकरणानंतर गोळी झाडणाऱ्या शिपायांवर खटले चालले आणि माजी संरक्षणमंत्री हाइन्झ केसलर यांना १९९३ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली.

शांततेच्या काळात शिपायांकडून कोणती कामे घेतली जात?

१९७८ च्या अखेरीस आलेल्या भीषण हिमवादळात र्यूगन बेटाचा संपर्क तुटला, तेव्हा रणगाडे बर्फ फोडायला उतरले. कोळसा खाणींत गोठलेला कोळसा सोडवायला तुकड्या पाठवल्या गेल्या. पुढच्या दशकात अर्थव्यवस्था खिळखिळी होत गेली, तसे शिपायांना खाणींत, रासायनिक कारखान्यांत आणि रेल्वेमार्गांवर स्वस्त मजूर म्हणून नेहमीच वापरले जाऊ लागले.

या सैन्याचा शेवट कसा झाला?

१९८९ च्या शरद ऋतूत निदर्शने वाढली, तेव्हा सैन्यातून शंभर-शंभर जणांच्या तुकड्या बनवून पोलिसांच्या मदतीला सज्ज ठेवल्या होत्या. समोरच्या गर्दीत आपला भाऊ किंवा वर्गमित्र असेल, ही चिंता त्या शिपायांना होती. सुदैवाने गोळीबार झाला नाही. भिंत उघडल्यानंतर १ जानेवारी १९९० रोजी बर्लिनजवळच्या बेलित्स येथील शिपायांनी चक्क संप केला. सेवा कमी करा, घराजवळ नेमणूक द्या, सुटीत नागरी कपडे घालू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. नवे मंत्री थिओडोर हॉफमान स्वतः त्यांच्याशी बोलायला गेले आणि सेवेचा काळ अठरावरून बारा महिन्यांवर आला. ८५ टक्क्यांच्या नियमाखाली पिचलेल्या पिढ्यांना जे कधी मागता आले नव्हते, ते काही दिवसांत मिळाले.

२ ऑक्टोबर १९९० रोजी हे सैन्य संपले. दुसऱ्या दिवशी त्याचे उरलेले सुमारे ९० हजार सैनिक एकीकृत जर्मनीच्या सैन्याखाली आले, त्यांतील थोड्यांनाच कायम ठेवले गेले. जुन्या सेवेची नोंद नंतर कित्येक वर्षे ‘परकीय सैन्यातील सेवा’ अशी होत असे, आणि सक्तीने भरती झालेल्या सामान्य माणसाला ते शब्द बोचत.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काय सापडेल?

यंत्रे नक्कीच सापडतील. पूर्व जर्मनीचे वैमानिक ज्या मिग-२१ जातीच्या विमानांत बसत, त्याच जातीची विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार होत असत. तिथल्या शिपायाचा टी-७२ रणगाडा आपल्या चिलखती दलातही आहे. अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्राशी ज्यांच्या घरातील कोणाचा संबंध आला असेल, त्यांना तीन माणसांच्या त्या अरुंद जागेची कल्पना असेल. मोठा फरक भरतीचा आहे. सातारा-कोल्हापूरकडचा तरुण मैदानावर धावून, स्पर्धेतून सैन्यात जागा मिळवतो. तिथल्या तरुणाला मात्र टपालाने आलेल्या हुकमावर जावे लागत असे.

आज या सैनिकांच्या खुणा कोठे पाहता येतात?

ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात या सैन्याचा मोठा संग्रह आहे. प्रोराच्या इमारतींचा बराचसा भाग आता सुटीतील सदनिका आणि हॉटेलांत बदलला आहे. समुद्रकिनाऱ्यावर चालताना तेथे फावडे-शिपाई राहत असत हे सहज लक्षात येत नाही, म्हणून जाण्यापूर्वी वाचून जावे. पूर्व जर्मनीतील जुन्या बाजारांत कधीकधी हाताने केलेली टेपची डबी विकायला दिसते. ती उघडून पाहावी. काहींमध्ये टेपचा शेवटचा, न कापलेला तुकडा अजून असतो.